पेंग्विन पाहायला जाताय? या चुका टाळा

ताडोब्यात वाघासाठी तीन-तीन तास जिप्सीत चूप बसणारी आपली नागपूरची माणसं पेंग्विनसमोर दहा मिनिटंही धड बसत नाहीत. केपटाऊनजवळच्या बोल्डर्स बीचवर हे मी दोनदा पाहिलंय. वाघाची भीती वाटते, पेंग्विन मात्र खेळण्यातला वाटतो.

आमच्या मेव्हण्याचंच घ्या. पेंग्विन पाहायला बांधलेल्या लाकडी पुलावरून पाहून त्याचं मन भरेना. पलीकडे पोहायच्या बीचवर पेंग्विन माणसांमधूनच फिरतात. तिथे हा वाळूत पोटावर आडवा, मोबाइल हातात. "काही नाही होत जी भाऊजी, एकच फोटो!" समोरचा पेंग्विन मान तिरपी करून आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने पाहू लागला. मेव्हण्याला वाटलं, पोझ देतोय. अहो, तो इशारा होता, मागे सरक म्हणून! पुढच्या क्षणी बोटातून रक्त. तीनेक किलोचा पक्षी, पण निसटता मासा पकडणारी चोच आहे ती. मी काय करतो? दूर एका खडकावर बसतो, पिशवी मांडीवर, तोंड बंद. पंधरा-वीस मिनिटांत तेच समोरून डुलत जातात. ज्याला एवढाही दम नाही त्याने आपल्या नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयात जावं.

स्वेटर आणि माकडटोपी भरून नेऊ नका. हा आफ्रिकन पेंग्विन, बर्फाशी त्याचा संबंध नाही. डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो. आपला मे महिन्यातला दुपट्टा न्या, आणि वाऱ्यासाठी एक पातळ जॅकेट.

दुसरी चूक पाहून माझं डोकंच फिरतं. आपण नाताळच्या सुट्टीत जातो, नेमकी तेव्हा बऱ्याच पेंग्विनांची पिसं झडत असतात. फाटक्या उशीसारखे दिसतात आणि तासन् तास एकाच जागी उभे राहतात. आमच्या ग्रुपमधल्या एका काकू "बिचारा आजारी आहे" म्हणत बाटलीतलं पाणी ओतायला निघाल्या, दुसऱ्यांनी चिवडा काढला. त्याला काहीही झालेलं नसतं. साधारण तीन आठवड्यांत सगळी पिसं एकदमच बदलतात. तोवर अंगात पाणी शिरतं, म्हणून समुद्रात जाता येत नाही, म्हणजे मासेही नाहीत. आधी साठवलेल्या चरबीवरच दिवस काढायचे असतात. तुम्ही त्याला पळवलंत की तीच चरबी जळते. खरंच जखमी दिसला तर रेंजरला सांगा, डॉक्टरकी करू नका.

पुलावरून खाली उतरू नका. झुडपाखाली घरटी असतात. आई-बाप आळीपाळीने अंडी उबवतात, तुमच्या भीतीने उठले की सीगल टपलेलेच. 1982 मध्ये इथे दोन जोड्या होत्या, त्यांची ही वस्ती झाली. पण 2024 पासून ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

अकरा वाजता टूरच्या बसबरोबर पोचू नका, सकाळी लवकर जा.

ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला संध्याकाळी पेंग्विन समुद्रातून वर येतात तेव्हा फोटो काढायला बंदी आहे. तिथे "एकच" चालत नाही.

आणि बोल्डर्सहून निघताना गाडीखाली वाका. तशी पाटीच आहे तिथे, लोक हसून तिचाही फोटो काढतात. आमच्या गाडीच्या मागच्या चाकाशी एक सावलीत बसला होता. वीस मिनिटं थांबलो. पट्टी बांधलेलं बोट धरून मेव्हणा या वेळी चार हात लांब उभा होता.