अंगठा लावला, पैसे कटले, हातात आले नाहीत

ऊसतोड किंवा कापूस वेचणीने बोटं घासली की बँक मित्राकडे (गावात बँकेचं काम करणाऱ्या प्रतिनिधीकडे) आधारवरून पैसे काढताना यंत्रावर अंगठा उठत नाही. बीड-जालन्याकडे हे नेहमीचंच. हात धुऊन कोरडे करा, यंत्राची काच पुसा, दुसरं बोट लावा. दहापैकी कोणतंही चालतं.

खरी गोची पुढं. खात्यातून पैसे कटतात आणि बँक मित्राच्या यंत्रावर ‘व्यवहार अयशस्वी’ येतं. लगेच पुन्हा अंगठा देऊ नका, दोनदा कटू शकतात. आधी मेसेज बघा. अयशस्वी व्यवहाराचीही पावती मागाच. तिच्यावरच्या आरआरएन क्रमांकावरूनच (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) बँक व्यवहार शोधते. रक्कम 5 दिवसांत परत यायला हवी, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. नाही आली, तर तुमचं खातं असलेल्या शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून थांबू नका. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा.