"आधी मटेरियल विचार, मग टूलला हात लाव"

नाशिकमधल्या सातपूरच्या आयटीआयमधून टर्नर ट्रेड (लेथवर धातू कापायचं काम) करून मी अंबडला, गरवारे पॉइंटपासून आत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो. पत्र्याची शेड, तीन लेथ. मला मिळालेल्या लेथवर सीएनएमजी या कोडचा इन्सर्ट (टूलला बसवायची कापणारी, बदलता येणारी टिकली) आधीच लावलेला होता. तोच मी सगळ्या जॉबना (कापायच्या तुकड्यांना) चालवायचो.

फटका बसला स्टेनलेसच्या पिनांवर. ३०४ ग्रेडचा १६ मिलिमीटरचा बार, चकबाहेर (जॉब पकडणाऱ्या जबड्याबाहेर) बराच लांब. फिनिश कटला जॉब किंचाळायला लागला, अंगावर लाटा उठल्या. घाबरून मी कट (कापायची खोली) कमी केला, फीडही (एका फेऱ्यात टूल किती सरकतं ते) कमी केला, तर आवाज आणखी वाढला. तीन पिना भंगारात गेल्यावर शेजारच्या लेथवरचे काका आले. इन्सर्टची डबी माझ्यापुढे धरून म्हणाले, "वाच." सीएनएमजी १२०४०८. "शेवटचं ०८ म्हणजे नोज रेडियस, टोकाची गोलाई, ०.८ मिलिमीटर. तू कट घेतोयस ०.२ चा. नाकच सगळं आत गेलं नाही, तर ते कापणार की घासणार?"

कट नोज रेडियसपेक्षा फार कमी असला, की टूल जॉबला बाजूला ढकलतं आणि सडपातळ जॉब वाकून थरथरतो. स्टेनलेसचं आणखी एक दुखणं: घासलं की त्याचा पृष्ठभाग कडक होतो, म्हणजे पुढचा कट अजून अवघड. काकांनी १२०४०४ चा इन्सर्ट लावला, टेलस्टॉकचा सेंटर (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार) दिला, कट ०.५ आणि फीड ०.१ ठेवला. लेथ गप्प झाला.

मग मोठा रेडियस ठेवायचाच कशाला? ताकद आणि फिनिशसाठी. जॉबवरच्या रेषांची उंची साधारण फीडचा वर्ग भागिले आठ पट रेडियस इतकी येते. फीड निम्मा केला तर उंची पाव होते. त्यामुळे जाड, दणकट जॉबवर ०.८ बिनधास्त वापरा. हे गणित आयटीआयच्या वहीत असेलही, पण मला ते तीन पिना वाया घालवून समजलं.

कोडमधलं पहिलं अक्षर आकाराचं. सी म्हणजे ८० अंशांचा कोपरा, डी ५५ चा, व्ही ३५ चा. निमुळता कोपरा अडचणीच्या प्रोफाइलमध्ये शिरतो, पण रफिंगला (सुरुवातीच्या जाड कटांना) लावलात तर लगेच तुटतो. डबीवरचे रंगही पाठ करा: निळा स्टीलचा, पिवळा स्टेनलेसचा, लाल कास्ट आयर्नचा, हिरवा अॅल्युमिनियम-पितळेचा.

नवी पोरं एचएसएसला (हाय-स्पीड स्टीलच्या टूलला) हसतात. मीही हसायचो. पण ५० मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलला एचएसएस मिनिटाला ३० मीटरने चालवलं तर आरपीएम साधारण १९० येतो, कार्बाइडला, म्हणजे इन्सर्टला, १८० मीटर धरले तर ११५० च्या आसपास. जुना लेथ तिथवर जातच नसेल, तर महागडा इन्सर्ट हळू चालवून काय साधणार? उलट धातू धारेला चिकटतो आणि निघताना कोपरा घेऊन जातो. शिवाय एचएसएस स्वतः ग्राइंड केल्याशिवाय रेक आणि क्लिअरन्स हे धारेचे कोन हाताला कळत नाहीत. ब्रेझ्ड कार्बाइडला (दांड्यावर जोडलेल्या टिपला) मात्र ग्राइंडिंगचा हिरवा व्हील लागतो, आणि तापलेली टिप पाण्यात बुडवू नका, तडे जातात.

टूल बरोबर निवडलं तरी सेंटर हाइट (धार जॉबच्या मध्याच्या उंचीला असणं) चुकली तर सगळं फुकट. फेसिंग करताना (जॉबचं तोंड सपाट कापताना) मध्ये बारीक बोंड उरलं, तर टूल वर किंवा खाली आहे.

आणि खिशात मार्कर ठेवा. सीएनएमजीला दोन्ही बाजू मिळून चार कोपरे असतात. वापरलेल्या कोपऱ्यावर ठिपका द्या. मी देत नव्हतो, म्हणून घिसलेलाच कोपरा दोनदा पुढे फिरवला होता.