केनियाला स्वयंसेवेला निघालेल्या मुलामुलींची तयारी करून घेताना

तिकिटाआधी पीतज्वराची (यलो फीव्हर) लस. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य धरतात. ते नसेल, तर परतल्यावर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हे प्रमाणपत्र म्हणजे पिवळं कार्ड. ते पासपोर्टसोबतच ठेवायला सांगा. सामानात ठेवलं, तर बॅग हरवली की तेही जातं.

मग संस्थेला लेखी विचारायला लावा: रोज किती तास, कुणाच्या हाताखाली, पैसे घेताय ते कशाचे, परवाना कोणता? बिनपगारी कामही पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेश-परवानगीवर चालेलच असं नाही. पत्र मुलांनीच लिहायचं, तुम्ही फक्त वाचायचं. अनाथाश्रमात दोन आठवडे ‘मुलांशी खेळायचं’ काम असेल, तर सरळ नको म्हणा. पोरं लळा लावून घेतात, पाहुणे निघून जातात.

तिथे गेल्यावर रोज फोन नको. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी. नैरोबी अडीच तास मागे, म्हणजे तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपले साडेनऊ. ‘कसं वाटतंय?’ला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘आज भांडी कुणी घासली?’ विचारा, मुलं बोलती होतात. थोडी स्वाहिली शिकवून पाठवा. धन्यवादाला ‘असांते’, मोटारीला तर ‘गारी’च म्हणतात.