डिकीतली शिराझ, शोकेसमधली चेनिन: वाइन आणताना, ठेवताना, पिताना या चुका टाळा

गंगापूर धरणाजवळच्या एका वायनरीत मी नऊ वर्षं टेस्टिंग रूम सांभाळली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या यायच्या. त्यातला एक तरी माणूस काउंटरवर कोपर टेकवून सांगायचा, "मागच्या वेळी नेलेली बाटली काही खास लागली नाही हो." मी विचारायचो, नेलीत कशी? ठेवलीत कुठे? पिताना गार केली होती का? तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्याचं त्यालाच उमगायचं. ती नोकरी सोडून चार वर्षं झाली, तरी नातेवाइकांचे फोन काही थांबत नाहीत आणि चुका त्याच त्या. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

डिकी

पहिली चूक माझीच. मे महिन्यात पुण्याला ताईकडे निघालो होतो. भाऊजींसाठी बुचाच्या रिझर्व्ह शिराझच्या, म्हणजे शिराझ द्राक्षाच्या रेड वाइनच्या, सहा बाटल्या घेतल्या आणि पुठ्ठ्याच्या पेटीतून डिकीत टाकल्या. वाटेत संगमनेरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. गाडी कार्यालयाबाहेर उन्हात लावली. अक्षता, पंगत, आग्रहाचा मठ्ठा, फोटो, यात तीन तास गेले. पुढे चाकणला नेहमीचा ट्रॅफिक. संध्याकाळी ताईच्या ओट्यावर पेटी ठेवली तर पुठ्ठ्याचा तळ ओला. दोन बाटल्यांची बुचं नखभर वर आलेली आणि फॉइलखाली चिकट ओघळ.

भाऊजींनी तरीही हौसेने एक उघडली. रंगात फारसा फरक नव्हता. पण डिंकाच्या लाडवातल्या मनुका पाण्यात उकळून गार कराव्यात, तसा वास. ज्या काळ्या मिरीसाठी आणि जांभळासाठी नाशिकची शिराझ प्यायची, त्यांचा पत्ता नाही. भाऊजी सज्जन माणूस. एक घोट घेऊन एवढंच म्हणाले, "तुमच्याकडे अशीच असते का?" वायनरीत नोकरीला लागून मला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

झालं ते सोपं आहे. उन्हातली बंद गाडी भट्टीसारखी तापते. आतली वाइन फुगते, बुचाला वर ढकलते आणि फटीतून पाझरते. बूच जागचं हललं नाही, तरी फळाचा ताजा वास जातो आणि मुरांब्याचा उरतो. नंतर फ्रीजमध्ये ठेवून तो परत येत नाही.

गंमत बघा. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतं. आपल्याकडे एप्रिलला वेल वाढवायची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळासाठीची गोडी छाटणी, आणि वाइनची द्राक्षं उतरतात जानेवारी ते मार्च. उन्हाळ्याच्या तडाख्यातून घड वाचावा, थंड रात्रींत मण्यांत साखर आणि आंबटपणा दोन्ही टिकावं, म्हणून शेतकरी सगळं वेळापत्रक फिरवतो. आणि आपण तीच वाइन मे महिन्यात डिकीत उकडतो.

आता माझ्याकडे मासळीवाले वापरतात तसा थर्मोकोलचा खोका आहे. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, मध्ये गोठवलेल्या पाण्याची एक बाटली ठेवायची आणि खोका एसीत, मागच्या सीटच्या पायाशी. बायको म्हणते माहेरी जाताना बोंबील घेऊन चाललोय असं वाटतं. वाटू दे. खोका नसेल तर निदान वायनरीची भेट सहलीत सगळ्यात शेवटी ठेवा. सकाळी अकराला खरेदी करून दिवसभर त्र्यंबकेश्वर आणि पंचवटी फिरणारे लोक मी शेकड्याने पाहिलेत. सांगितलं तर म्हणायचे, "अहो, सीलबंद आहे ना?"

"रेड कुठे फ्रीजमध्ये ठेवतात?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या जुन्या दगडी घरांचा. ती खोली सोळा-अठरा अंशांची. तुमची खोली एप्रिलमधली, जळगावची, चौतीस अंशांची. त्या तापमानाला रेडमधला अल्कोहोल आधी नाकात जातो, मग घशात, आणि फळ येतच नाही. मग पिणारा म्हणतो, "कडक आहे."

टेस्टिंग रूममध्ये मी एक खोडी काढायचो. एकाच शिराझचे दोन ग्लास. एक दुपारभर काउंटरवर राहिलेल्या बाटलीतून, दुसरा वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलेल्या बाटलीतून. नावं सांगायची नाहीत. दुसरा ग्लास महागाचा असणार, असं बहुतेक जण छातीठोकपणे सांगायचे. एका काकांनी तर दुसऱ्यात ओकच्या लाकडी पिंपाचा दर्जा वेगळा असल्याचं समजावून सांगितलं. मी मान डोलावली.

माझी सवय अशी: रेड पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये, व्हाइट आणि रोझे (गुलाबी) दोन-तीन तास, स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) त्याहून जास्त. पाहुणे दारात आणि बाटली गरम असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. पाणी हवंच. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला इकडेतिकडे टेकतात, पाणी तिला चहूबाजूंनी धरतं. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये "फक्त दहा मिनिटं" ठेवणारे हमखास विसरतात आणि सकाळी कोथिंबिरीच्या डब्यावर काचा वेचतात. ग्लासात बर्फ टाकणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, माझे सासरे हे वाचतात.

"जुनी होऊ दे, मुरू दे"

लोणचं मुरतं. वाइन क्वचित मुरते.

माझ्या एका मित्राला मुलगी झाली, त्या वर्षीची चेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन त्याने जपून ठेवली. कुठे, तर दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये, शाळेच्या ट्रॉफ्या आणि गणपतीच्या मधोमध. बाटली उभी, वर दिवा, बाजूला पश्चिमेची खिडकी. मुलगी दहावी पास झाली तेव्हा आम्हा चार मित्रांना बोलावून समारंभपूर्वक ती उघडली. ग्लासात आला तो कोऱ्या चहाचा रंग. वासाला जुन्या सफरचंदाची साल आणि थोडं व्हिनेगर. मित्राने डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाला, "कॉम्प्लेक्स आहे." त्याची मुलगी त्याच्याकडे बघत राहिली.

चेनिन, तशीच दुसरी व्हाइट सॉव्हिन्यों ब्लाँ, आणि रोझे यांची मजा ताजेपणात. लेबलवरचं साल बघा आणि दोन वर्षांत संपवा. आपल्या बहुतेक रेड तीन-चार वर्षांत प्यायला हरकत नाही, थोड्याच त्यापुढे सुधारतात, आणि त्यांनाही अंधारी, गार, न हलणारी जागा लागते. फ्रीजवरची जागा गरम असते, माळा त्याहून गरम. घरात दुसरं काही नसेल तर फ्रीजचा भाजीचा कप्पाच बरा. तिथे चार-सहा महिने वाइनला काही होत नाही.

दुकानात

आपल्याकडे "वाइन शॉप" या पाटीखाली वाइन सोडून सगळं विकलं जातं. वाइन असते ती बहुधा दर्शनी काचेत, उन्हात. ती घेऊ नका. "पेटीतली द्या, आतली," एवढं म्हणा. दुकानदार कटकट करेल, करू दे. बुचाची असेल तर गळ्यावरून अंगठा फिरवा. फॉइल फुगलेलं किंवा चिकट लागलं की परत करा.

आता "कुठली घेऊ?" किमती महाराष्ट्रातल्या, ७५० मिलीच्या, ढोबळ. दर वर्षी थोड्या चढतातच.

हजाराच्या आसपास नाशिकच्या सुला वायनरीची सॉव्हिन्यों ब्लाँ: कच्चा पेरू, हिरवी ढोबळी मिरची, गवती चहा. तळलेल्या बोंबलाबरोबर किंवा कोथिंबीर वडीबरोबर मला दुसरं काही लागत नाही. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात गंगापूरच्या परिसरात ही जात आणि चेनिन लावली, तेव्हा आजूबाजूला खायच्या द्राक्षांच्या बागा होत्या. चेनिन ब्लाँ थोडी गोडसर, अननस आणि मधाच्या अंगाची, नवशिक्यांना सोपी. त्याच वायनरीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ तेराशे-पंधराशेच्या घरात: मिरी, जांभूळ, ओकची हलकी व्हॅनिला. खिमा, पांढरा रस्सा, मशरूम, काहीही चालेल.

दोन हजारांच्या आगेमागे अकलूजच्या फ्रतेल्ली वायनरीची सेत्ते ही रेड. माळशिरसच्या उन्हात इटलीची सँजोव्हेजे ही रेडची द्राक्षं रुजवायची कल्पना मला आधी वेडेपणाची वाटली होती. पण आंबट चेरीची धार आणि सुकी, ओढणारी शेवटची चव यांनी माझं तोंड बंद केलं. बंगळूरजवळच्या नंदी हिल्सची ग्रोवर ला रिझर्व्ह, कॅबर्ने आणि शिराझ या रेडच्या द्राक्षांची, दीड हजाराच्या आतबाहेर मिळते. तिच्यात काळा मनुका आणि सिगारच्या डब्याचा वास. बाहेरगावी पाहुणचाराला मी हीच नेतो. स्पार्कलिंग हवी असेल तर दिंडोरीत बनणारी शँडन ब्रूट, पंधराशे ते दोन हजार: हिरवं सफरचंद, भाजलेल्या पावाचा पुसट वास. बटाटेवड्याबरोबर प्या आणि मला दुवा द्या.

परदेशी हवी तर आधी हिशेब समजून घ्या. आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचे कर. इथे पंधराशेला मिळणारी परदेशी वाइन तिच्या गावी अगदी रोजच्या जेवणातली असते. त्या किमतीत नाशिक तिला मागे टाकतं, हे मी नाशिककर म्हणून म्हणत नाही. बरं, थोडं म्हणतो. अडीच-तीन हजारांच्या पुढे मात्र बाहेर बघण्यात अर्थ आहे. न्यूझीलंडच्या मार्लबरोची सॉव्हिन्यों, पॅशन फ्रूटचा नुसता स्फोट. चिलीची रेड कार्मेनेर, जिला १९९४ पर्यंत तिथले लोक मर्लो ही दुसरी जात समजून विकत होते, भाजलेल्या ढोबळी मिरचीची आणि कोकोची. स्पेनच्या रिओहाची रिझर्व्हा, चामडं आणि सुकं अंजीर.

"रिझर्व्ह" या शब्दावर जाऊ नका. रिओहात रेड रिझर्व्हा म्हणजे किमान तीन वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान एक वर्ष लाकडी पिंपात, असा कायदा आहे. आपल्याकडे तो छापखान्याचा शब्द. काही वायनऱ्या इमान राखून वापरतात, काही नाही.

तांबडा रस्सा आणि कॅबर्ने

कोल्हापूरच्या एका लग्नात साडेचौदा टक्क्यांची कॅबर्ने तांबड्या रश्श्याबरोबर देताना पाहिली. तिखटाने सोललेल्या जिभेवर अल्कोहोल म्हणजे जखमेवर स्पिरिट. शिवाय रेडमधलं टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, ते आणखी खरखरीत करतं. लोक पाण्याकडे धावले आणि नाव वाइनला ठेवलं. झणझणीत जेवणाबरोबर गार, थोडी गोडसर, कमी अल्कोहोलची वाइन द्या: चेनिन, रोझे, जर्मन रीसलिंग ही व्हाइट मिळाली तर उत्तमच. आणि पुरणपोळी, श्रीखंड यांच्याबरोबर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन कधीच नाही, तिचा लिंबू होतो. वाइन गोडापेक्षा गोड हवी. सुलाची लेट हार्व्हेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) चेनिन छोट्या बाटलीत येते, आम्रखंडाबरोबर ती एकदा करून बघाच.

उरलेल्या, पटापट

फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल, हा समज सोडा. ताज्या वाइनला तेच चांगलं, आणि बूच सुकायची भीती नसल्याने ती बाटली आडवी ठेवायचीही गरज नाही.

बूच स्क्रू ड्रायव्हरने आत ढकलू नका. माझ्या पांढऱ्या शर्टावर पुरावा आहे. वेटरकडे असतो तसा घडीचा कॉर्कस्क्रू घ्या, वर्षानुवर्षं टिकतो.

ग्लास एक तृतीयांश भरा. काठोकाठ भरलेल्या ग्लासात वास फिरायला जागा नसते, आणि तुम्ही पैसे वासाचे दिलेत.

ओल्या पुठ्ठ्याचा, गोणपाटाचा वास आला तर बूच खराब आहे. परत करा, लाजू नका.

गोव्याहून आणलेली गोड "पोर्ट" ही पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली पोर्ट नव्हे. त्या पोर्टमध्ये आंबणं मध्येच थांबवायला द्राक्षाचं स्पिरिट घालतात आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातो. गोव्याची काही शे रुपयांत मिळते. गार करून प्या, मजा करा, फक्त पाहुण्यांना तिच्यावर व्याख्यान देऊ नका.

उघडलेली बाटली, रेडसुद्धा, झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. चौथ्या दिवशी आमच्याकडे उरलेली रेड मटणाला लावतात. आई म्हणते मटण हल्ली मऊ येतं. का येतं, ते तिने अजून विचारलेलं नाही.