इंग्लंडचे जुने आरोग्य-अहवाल: आई-बाळाची पानं कशी वाचायची

दोन महायुद्धांमधल्या काळात इंग्लंडमध्ये आई-बाळाकडे कोण बघत होतं, हे जाणून घ्यायचं असेल तर तिथल्या मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थचे, म्हणजे स्थानिक कौन्सिलच्या आरोग्य अधिकाऱ्याचे, वार्षिक अहवाल उघडा. लंडनचे १८४८ ते १९७२ या काळातले अहवाल 'लंडन्स पल्स' या नावाने ऑनलाइन आहेत, तेही फुकट.

प्रस्तावना सोडून द्या, सगळे साहेब आपलंच कौतुक करतात. थेट 'मॅटर्निटी अँड चाइल्ड वेल्फेअर'चं, म्हणजे माता-बालकल्याणाचं, प्रकरण काढा. त्याच नावाच्या १९१८च्या कायद्याने कौन्सिलच्या माता-बालकल्याण समितीत किमान दोन बायका हव्यात असं ठरवलं, पण बाळांना तपासायचं केंद्र, दूध, प्रसूतीच्या खाटा यांतलं काय किती द्यायचं ते बरंचसं स्थानिक कौन्सिलच्या मर्जीवर होतं. म्हणून तिथे मुळात काय काय होतं ते आधी टिपून घ्या.

मग हेल्थ व्हिजिटरचा, म्हणजे घरोघर जाऊन बाळ बघणाऱ्या आरोग्यसेविकेचा, तक्ता. माझा जन्म असली रजिस्टरं भरण्यात गेला, त्यामुळे मी इथे रेंगाळते. १९१५ पासून जन्माची खबर ३६ तासांत द्यायची सक्ती होती आणि त्या खबरीवरून बाई घरी जायची. तेव्हा 'पहिल्या भेटी' जन्मांच्या आकड्याशी ताडून बघा. तफावत मोठी असेल तर कोणती घरं राहिली, ते शोधा. केंद्रावरची हजेरी मात्र फसवी. ४,००० हजेरी म्हणजे ४,००० मुलं नव्हेत. ४०० मुलं दहा-दहा वेळा आली तरी बेरीज तीच. वजनाला कोण नेमाने येतं आणि कोण फिरकतच नाही, हे त्या बेरजेत कधीच दिसत नाही.

अर्भकमृत्युदर म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. गावात २५० जन्म असतील तर एका मृत्यूने दर ४ने हलतो, म्हणून पाच वर्षांची सरासरी काढा. इंग्लंड-वेल्सचा दर १९२१ला ८३ होता, १९३८ला ५३. पहिल्या महिन्यातले मृत्यू वेगळे दिले असतील तर तेही बघा.

मातामृत्यू मात्र तिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हजार जन्मांमागे ४च्या आसपास अडून बसले होते. नंतरची घसरण बघून सगळं श्रेय पगारी सुइणींची सोय करायला लावणाऱ्या १९३६च्या सुइणींच्या कायद्याला देऊ नका. सूतिकाज्वरावर, म्हणजे बाळंतपणानंतर जंतूंमुळे येणाऱ्या तापावर, सल्फा ही जंतुरोधक औषधं त्याच सुमारास आली. १९३७ नंतरच्या अहवालांत पगारी सुइणी किती आणि एकीच्या वाट्याला बाळंतपणं किती, हे आकडे शेजारी मांडून बघा.