ईपीएनच्या टाकीत अर्क मिसळू नका

जुलै-ऑगस्टमध्ये ऊस आणि भुईमुगातली हुमणी, म्हणजे मुळे कुरतडणारी अळी, अजून लहान असते. ईपीएन, म्हणजे कीटकांना मारणारे सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म जंत), सोडायचे ते आत्ताच. तिसऱ्या अवस्थेतली जाड अळी सहजी बळी पडत नाही. याच दिवसांत निंबोळी, लसूण-मिरची, दशपर्णी (दहा झाडांच्या पानांचा) अर्कही चालू असतात आणि मजुरी वाचवायला दोन्ही एकाच टाकीत जातात. घात तिथे होतो.

ईपीएनमधली हेटरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात अळीचा माग काढत मातीत फिरते. अळीचा कार्बन डायऑक्साइड आणि कुरतडलेल्या मुळांतून सुटणारी द्रव्ये तिला वाट दाखवतात. लसणातली गंधकयुक्त द्रव्ये सूत्रकृमींना थेट मारू शकतात. सौम्य अर्कात ते जगले तरी सुस्तावू शकतात, दिशा चुकू शकतात. त्यामुळे भिंगाखाली वळवळ दिसली एवढ्यावर भागत नाही. अळीपर्यंत पोचतात का, ते बघा. दशपर्णीत गोमूत्राचा अमोनिया असतो, शिवाय आंबलेल्या द्रावणात प्राणवायू कमी, त्यामुळे ती जास्तच धोक्याची.

परीक्षा घरीच होते. तीन डब्यांत सारखी वाळू भरा. दोन साध्या पाण्याने ओलवा, तिसरा फवारणीच्याच प्रमाणातल्या अर्काने (निंबोळीसाठी 5 टक्के). प्रत्येकाच्या तळाशी पाच लहान अळ्या ठेवून वर चार बोटे वाळू घाला. पाण्याच्या एका डब्यावर आणि अर्काच्या डब्यावर सारखेच ईपीएन ओता; दुसरा पाण्याचा डबा तसाच राहू द्या, आपोआप मेलेल्या अळ्या त्यात कळतात. झाकणाला भोके पाडून डबे सावलीत ठेवा आणि आठवड्याने उकरा. या जातीने मारलेली अळी विटकरी लाल होते, तिला कुजका वास येत नाही. ईपीएन ओतलेल्या पाण्याच्या डब्यात लाल अळ्या मिळाल्या आणि अर्काच्या डब्यात नाही, तर दोष अर्काचा. दोन्हीकडे नसतील तर आधी ईपीएनच्या पाकिटावर संशय घ्या.

अर्क पानांवर फवारा, जमिनीत ओतू नका. ओतायचाच असेल तर आधी ईपीएन सोडा आणि मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या.

मात्रा एकरी साधारण 100 कोटी सूत्रकृमी; पाकिटावर किलोचा हिशेब असतो. पंप नीट धुवा, बारीक जाळी काढा. द्रावण सारखे ढवळा, नाहीतर सूत्रकृमी तळाशी बसतात, आणि दोन तासांत संपवा. आदल्या दिवशी हलके पाणी देऊन संध्याकाळी सरीत मुळाशी सोडा. वरून पुन्हा थोडे पाणी द्या. मात्र पाणी साचलेल्या सरीत सोडू नका, तिथे ते गुदमरतात.