समुद्राचा ठेका कोन घेते?

मी किनारपट्टी व्यवस्थापन शिकायला चालले हे गावात कळलं, तेव्हा शेजारच्या ढिवर काकाजींनी एवढंच विचारलं, "पोरी, समुद्राचा ठेका कोन घेते?" आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलाव म्हटला की मासेमारीचा ठेका आलाच, त्यामुळे प्रश्न साधाच होता. मला मात्र हसू आलं. पुढची दोन वर्षं मी त्याचंच उत्तर शोधत होते.

विदर्भातून या विषयाकडे वळणाऱ्यांना पहिली धास्ती असते ती समुद्र न पाहिल्याची. ती सोडून द्या. समुद्र दोन-तीन महिन्यांत ओळखीचा होतो. पाण्यावर हक्क कुणाचा आणि बांध फुटला तर बुजवायचा कुणी, ही भांडणं कळायला वेळ लागतो, आणि ती तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमचे मामा तलाव, म्हणजे मालगुजारीच्या काळातले गावतलाव, कोहळी समाजाने बांधले; तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं ते गाव ठरवायचं. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले. निस्तारपत्रकात, म्हणजे सामायिक वापराच्या नोंदीत, गावाचे हक्क राहिले, पाळीची (तलावाच्या बांधाची) काळजी मात्र कुणाचीच उरली नाही. काठाने बेशरमाची झुडपं माजली. सामायिक संसाधनांवरच्या कामासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं नोबेल मिळालं, ते वर्गात शिकवत होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या पाळीवरची बैठक होती.

आता खाडी. रायगडात धरमतरच्या खाडीकाठी मी महिनाभर होते. तिथे खारं पाणी अडवायला शेताभोवती मातीचे बांध घालतात, आत भात पिकतो. बांध फुटला आणि वेळेत दुरुस्त झाला नाही, की उधाणाचं पाणी शिरतं, जमीन खारावते, काही वर्षांत तिथे तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलातली कांदळवनाची झाडं, उगवतात. सातबारा शेतकऱ्याचाच राहतो, पण कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची 2005 पासून बंदी आहे, आणि 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतही त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे. म्हणजे शेत गेलं ते गेलंच. पर्यावरणवाला म्हणून तिथे गेलात की शेतकरी आधी तुमच्यावरच चिडतो, आणि माझ्या मते ते बरोबर आहे. दुसरीकडे, हीच तिवरं लाटांचा जोर मोडतात. समुद्राची पातळी वाढेल तशी त्यांना जमिनीकडे सरकायला जागा लागणार, आणि मध्ये पक्का बांध असला तर ती जागाच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ धडकलं. म्हणून कुठला बांध उंच करायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. तो सोडवायला जीवशास्त्राइतकाच महसुली कागद लागतो. सातबारा, फेरफार आणि गावनकाशा वाचता येत नसेल तर गावच्या तलाठ्याकडे आठवडाभर बसा. मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

काकाजींच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं, की ठेका कुणीच घेत नाही. बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या 1981 च्या कायद्याखाली, कांदळवन वनखात्याकडे, खारं पाणी अडवणारे बांध खारभूमी विभागाकडे, जमीन शेतकऱ्याची आणि बांधकामाची परवानगी आणखी कुणाकडे. एका खाडीला एवढे धनी.

फजितीही सांगते. दशमीला सर्वेक्षण सुरू केलं, रोज सकाळी दहाला चिखलात उतरायचं असा बेत. पुनवेला त्याच वेळी गेले आणि तासाभरात चहूकडून पाणी. एका कोळी मावशींनी होडीतून बाहेर काढलं, वर तिथीचं गणित शिकवलं: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं हो. पण उपासाच्या एकादशीशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता.

शिकायचं कुठे, हे थोडक्यात. नागपुरातच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथली पदवी घेऊन वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पुढे जाता येतं. माझ्यासारखं पर्यावरणशास्त्रातूनही जमतं. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच शिकायला घ्या आणि सरावाला आपल्याच गावचा तलाव काढा: पावसाळ्यानंतर पाणी कुठवर होतं, मे महिन्यात कुठवर उरलं. मुलाखतीत मी तोच नकाशा दाखवला होता. कामं बहुतेक प्रकल्पावरची, मुदतीची असतात. घरी सरकारी नोकरीची वाट पाहत असतील तर हे आधीच बोलून घ्या.

आणि कोळीवाड्यात जायचं तर जून-जुलैत जा. मासेमारी बंद असते, माणसं घरी जाळी दुरुस्त करत बसलेली असतात, बोलायला सवड असते. आपल्याकडे नेमकी तेव्हाच धानाची रोवणी. मी दोन्ही वर्षं चुकवली. आई अजून ऐकवते.